समुद्राची लेव्हल

त्रेचाळिसाव्या वर्षी पाठीला सॅक लावून एकटी बाई मुंबई फिरायला निघाली म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असं आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलं. शहापूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, उतारे, अर्ज यांच्या नकला काढायला येणारा प्रत्येक माणूस चार दिवस आधीपासून मला समजावत होता. एकानं तर विचारलं, कुणाशी भांडून चाललात का? म्हटलं, अजून नाही, पण तुम्ही असेच उभे राहिलात तर होईल.

माझ्या नाकावर राग असतो, हे शहापूरभर माहीत आहे. लग्न केलं नाही त्याचं कारण लोक तेच सांगतात. मीही तेच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात.

माझ्या निघण्याचं खरं कारण घरी खाटेवर बसलेलं होतं. माझे बाबा. बाबांनी सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर काढली. काम एकच, पाण्याची लेव्हल घ्यायची. धरणाच्या आत पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी असते. तिच्यापाशी ठरल्या वेळी जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, वेळ, पातळी, पाहणाऱ्याचं नाव, शेरा, असे पाच रकाने. पावसाळ्यात दर तासाला. आमचं बालपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये गेलं आणि तिथं बाप घरी आहे की पट्टीवर आहे हे घड्याळ बघून सांगता यायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावात घर बांधलं. चार पायऱ्या, ओटी, मागे परसात नळ. दोन वर्षांत काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. पहिल्यांदा चिडचिड केली, मग गप्प झाले, आणि मग एक दिवस अचानक समुद्राच्या मागे लागले.

झालं असं की टीव्हीवर कुणीतरी बातम्या देताना म्हणालं, आज समुद्राला मोठी भरती आहे. बाबांनी मला हाक मारली. "गो बाय, भरती म्हणजे पाणी वर चढतं ना?"

"हो."

"किती?"

"मला काय ठाऊक?"

"पाऊस नाय, वरून कुणी सोडलं नाय, आणि पाणी चढतं?"

"चंद्रामुळं चढतं, बाबा. शाळेत होतं."

"शाळेत होतं," ते म्हणाले. शाळेविषयी त्यांचं मत कधीच चांगलं नव्हतं.

तीस वर्षं ज्या माणसानं पाणी चढताना-उतरताना बघितलं, त्यानं समुद्र बघितलेला नव्हता. पावसाळ्यात रजा नाही, उन्हाळ्यात घरची कामं, आणि मग डोळे. कल्याणला माझा भाऊ असतो. त्यानं फोनवर भरतीचा व्हिडिओ लावून मोठ्या आवाजात सगळं वर्णन केलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पट्टी कुठं लावलीय? भावानं हात टेकले. मी म्हटलं, चला, मी तुम्हाला नेते. तर म्हणाले, "आंधळ्याला समुद्र काय दाखवतेस. तू जा. तुझे डोळे हायत. खालपास्नं वरपर्यंत बसून लेव्हल घे, आणि मला आकडा सांग."

मग उशाखालून वही काढली. त्यांची शेवटची वही. कायद्यानं ती त्यांच्याकडे असायला नको होती, पण निवृत्तीच्या दिवशी साहेबानंच हातात दिली म्हणे. शेवटच्या पानावर त्यांचा शेवटचा आकडा, खाली सही, आणि त्याच्या खाली अर्धं पान कोरं. ते कोरं अर्धं पान माझ्या बापाला सात वर्षं टोचत होतं. त्यावर समुद्र लिहायचा होता. "मी असेतो लिहून आण," एवढंच म्हणाले. त्यांच्या छातीचं दुखणं तेव्हा नवीन होतं, आणि मी त्या बोलण्यावर चिडून भांडी जोरात आपटली.

एक गोष्ट इथंच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बारा वर्षांची असताना बाबा तापानं फणफणले होते. त्यांनी मला पट्टीवर पाठवलं. पाऊस होता, मी अर्ध्यातून परतले आणि आदल्या आकड्यात थोडं मिळवून सांगितलं. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं. चपलांना धरणाकडची लाल माती नव्हती. वही ओढली, पातळीच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, शेऱ्यात लिहिलं, 'पाहिले नाही'. त्यासाठी त्यांना साहेबाची बोलणी खावी लागली. मला म्हणाले, न बघितलेला आकडा लिहायचा नसतो, रकाना कोरा ठेवायचा. मारलं असतं तर मी विसरून गेले असते.

मावशीकडे धसईला गेले होते तेव्हा तिथल्या बाजारातून निळी सॅक घेतली होती, ती काढली. दोन साड्या, एक पंजाबी ड्रेस, टॉवेल, चार दिवसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वही. पैसे आणि फोन कमरेच्या बटव्यात. वहिनी चार दिवस बाबांपाशी येऊन राहिली. आसनगावहून गाडी धरली आणि दादरला उतरले.

राहायची सोय एका धर्मशाळेत झाली. बायकांसाठी मोठी खोली, दहा खाटा, एक पंखा, स्वच्छ चादर. तिथं न्हाणीघरात नळ सोडला आणि धारेचा जोर बघून हसू आलं. मुंबईच्या नळाला भातसाचंच पाणी येतं, आणि बाबांनी निघताना बजावलं होतं, तिकडं नळाला प्रेशर किती ते पण बघ. फोन करून सांगितलं, चांगलं आहे. म्हणाले, "असणारच." जणू त्यांनीच घरून सोडलं होतं.

दोन दिवस मी नुसती चालले. काय सांगू, मला वाटलं होतं मुंबई बघून माझं डोकं फिरेल. एवढी माणसं, एवढा गोंगाट, मी तर दुकानात चार गिऱ्हाइकं एकदम आली तरी खेकसते. पण उलटंच झालं. मी सकाळी फुलबाजारात शिरले आणि दोन तास बाहेरच पडले नाही. झेंडूचे ढीग माझ्या खांद्याएवढे. एका कोपऱ्यात पळसाच्या पानांचे गठ्ठे घेऊन एक म्हातारी बसली होती. तिचं आमच्याकडचं बोलणं कानावर पडलं आणि मी थबकले. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "कुठची गो तू?" म्हटलं, शहापूर. "मंग बस की," म्हणाली, आणि गठ्ठा सरकवून जागा करून दिली. तिच्या शेजारी बसून मी भाकरी खाल्ली. आमच्या डोंगरातली पानं इथं देवाच्या नैवेद्याखाली जातात, हे मला त्रेचाळीस वर्षं ठाऊक नव्हतं.

लाल बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसून मी दक्षिणेकडे टोकापर्यंत गेले आणि त्याच बसनं परत आले. पुन्हा गेले. कंडक्टरनं विचारलं, काही हरवलंय का? दगडी इमारती, कमानी, त्यांच्यावर कोरलेली माकडं आणि पानं. एवढ्या उंचीवर कुणाला दिसणार होतं ते माकड, पण ज्यानं कोरलं त्यानं त्याच्या कानाची आतली बाजूसुद्धा सोडली नव्हती. मला बाबा आठवले. काचेची एक इमारत दोरांवर लोंबकळत माणसं पुसत होती. मी खाली, मान वर करून उभी, तोंड उघडं. माझ्यासारखी आणखी दोघंतिघं उभी होती. कुणी कुणाला हसलं नाही.

दुपारी खायला वडापाव, रात्री डाळभात. चप्पल एका जागी तुटली तर मोच्यानं शिवता शिवता मला अख्ख्या रस्त्याचा इतिहास सांगितला. सॅक पाठीला असली की लोक रस्ता सांगतात, जागा देतात, आणि का कोण जाणे, खरं बोलतात. गावात मी कुणाची तरी मुलगी असते, कुणाची तरी आत्या असते, झेरॉक्सवाली असते. तिथं मी फक्त चालणारी बाई होते. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि हे वाटल्याबद्दल लाजही वाटली, कारण घरी बाबा होते.

समुद्र मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दादर आणि माहीमच्या मध्ये कुठंतरी एका गल्लीच्या टोकाला आले आणि गल्लीच संपली. पुढं काही नव्हतं, नुसतं पाणी. मी सवयीनं पलीकडचा काठ शोधला. मग भिंत शोधली. एवढं पाणी अडवलंय तर भिंत कुठंतरी असणारच, असं माझं डोकं सांगत होतं, आणि डोळे सांगत होते की नाही. मी खाली बसले. मला रडू आलं. दुःखानं नाही. एवढं मोठं काहीतरी रोज तिथं असतं आणि आपण दोन-तीन तासांवर राहून त्याच्याशिवाय जगलो, या विचारानं आलं.

तिथं जुन्या दगडी बांधाला खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. रुंद, घडीव, आणि सगळ्या एकसारख्या. बघताक्षणी कळलं, हीच माझी पट्टी.

एक बाई वरचा रस्ता झाडत होती. पालिकेचा निळा कोट, डोक्याला रुमाल, माझ्याच वयाची. मी विचारलं, पाणी सगळ्यात खाली कधी जातं? तिनं झाडू टेकला आणि बोटं मोजली.

"आज प्रतिपदा. उद्या बीज. तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता भरती पुरी. सकाळी सव्वासाताला पार खाली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"ठाऊक ठेवावंच लागतं. भरतीत कचरा वर येतो. कधी येणार ते कळलं नाही तर मी दोनदा झाडत बसेन." आणि माझ्या सॅककडं बघून म्हणाली, "कुठून आलात?"

मी सांगितलं, आणि कशासाठी आले तेही सांगितलं. लोक हसतात म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. म्हणाली, सकाळी या, मी सहापासून इथंच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पायरीवर होते. पाणी इतकं मागे गेलं होतं की मला वाटलं कुणीतरी नेलं. काल जिथं लाटा आपटत होत्या तिथं ओले खडक, शेवाळ, खेकडे. पायऱ्या वीस. शेवटच्या पायरीच्या तळाशी पाणी टेकलेलं. खालून वर मोजायचं ठरवलं आणि वहीच्या कोऱ्या अर्ध्या पानावर, बाबांच्या सहीखाली, पेन्सिलनं पहिली ओळ लिहिली. बीज, सव्वासात, शून्य. पाहणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

आठ वाजता पाणी पहिल्या पायरीच्या जरा खाली होतं. नऊला साडेतिसऱ्या पायरीवर.

ते बघणं कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. लाट येते, जाते, येते, जाते, त्यात चढलेलं काही दिसत नाही. नजर काढून दुसरीकडं बघावं, परत बघावं, तर मघाचा खडक नाही. कुणी ढकलत नाही, कुठं आवाज नाही, आणि एवढा मोठा समुद्र अख्खाच्या अख्खा वर येतोय. आमच्याकडे पाणी चढायला डोंगरभर पाऊस लागतो.

आता मी काय केलं ते सांगते. सकाळपासून मी जागची हलले नव्हते आणि मला जायची गरज होती. बायकांना कळेल. सार्वजनिक शौचालय मागच्या रस्त्याला होतं. मी हिशोब केला. तासाला अडीच पायऱ्या. या चालीनं नवव्या पायरीला पाणी यायला अकरा वाजतील. धरणाचं पाणी एका चालीनं चढतं, हे मी कुणाच्या वहीत नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून सॅक नवव्या पायरीवर ठेवली, कोरडी जागा होती, आणि वही सॅकमध्ये. आणि खरं कारण आणखी एक आहे, ते मला सांगायला लाज वाटते. आमच्याकडे धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा होतो. तीन वेळा. भोंगा झाला की खालच्या गावातली माणसं गुरं वर काढतात. भोंग्याशिवाय पाणी येत नाही, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. समुद्राच्या काठावर बसूनही माझा एक कान भोंग्याकडं होता.

शौचालयाला ही रांग. मग शेजारच्या टपरीवर चहा घेतला. धावतपळत परत आले तेव्हा सव्वादहा झाले होते. नववी पायरी नव्हती. दहावीवर पाणी होतं.

झाडणारी बाई बांधावर उभी होती, झाडू आडवा धरून. तिचा कोट कमरेपर्यंत भिजलेला. "बाई, तुमची बॅग गेली," ती म्हणाली. "दहाला पाच मिनिटं असताना लाटेनं उचलली. मी झाडूनं ओढायला बघितली, शेवाळावरून पाय सरला. लांब गेली हो. ती बघा, तिकडं निळं होतं, आता दिसत पण नाही."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "पण भोंगा नाही झाला." तोंडातून गेलं खरं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "समुद्राला कुठला आलाय भोंगा?" आणि माझ्या शेजारी, ओल्या कपड्यांनी, बांधावर बसली.

साड्या गेल्या, भाकऱ्या गेल्या, त्याचं काही नाही. बाबांची वही गेली. त्यांचे तीन पावसाळे होते तिच्यात, एका अक्षरातले, एका दाबातले. डोळे गेल्यावर ते बोटांनी पानं चाचपायचे. पेन्सिल दाबून लिहायची सवय, त्यामुळं आकडे पाठीमागून हाताला लागायचे. ती वही मी समुद्राला दिली, चहाच्या एका कपासाठी.

दीडपर्यंत मी तिथून हलले नाही. पाणी विसाव्या पायरीला टेकलं, जरा वेळ उभं राहिलं आणि उतरायला लागलं. मी सगळं बघितलं. लिहायला काही नव्हतं. मनात आकडे म्हणत बसले, आणि ते एकमेकांत मिसळत गेले. निळं काहीतरी परत येईल म्हणून शेवटपर्यंत बघत होते. ती बाई आपल्या कामाला गेली होती. मी तिला ना धन्यवाद म्हटलं ना तिचं नाव विचारलं.

मग मी एक वाईट गोष्ट केली. दादरला स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि तसलीच वही मागितली. लांबट, कापडी पाठीची. जवळपास तसलीच मिळाली. पेन्सिल घेतली. मनात म्हटलं, बाबांना दिसत नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत वही मांडीवर घेऊन बसले. आकडे आठवून भरायचे, बस. आसनगाव येईपर्यंत पेन्सिल हातात होती. एक अक्षर लिहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा दुपारची उन्हं ओटीवर आली होती. बाबा खाटेवर ताठ बसलेले. सदरा बदललेला. वहिनी म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत. मी पायऱ्या चढले तसा त्यांनी हात पुढं केला. मी हातावर वही ठेवली.

त्यांनी आधी पाठ चाचपली. मग पहिलं पान उघडलं आणि त्यावरून बोटं फिरवली. दुसरं पान. तिसरं. मग वही मिटली, नाकाशी नेली, आणि मांडीवर ठेवली.

"नवी हाय," ते म्हणाले.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. शौचालय, रांग, चहा, नववी पायरी. भोंग्याचं पण सांगितलं. मध्ये कुठंतरी मी चिडले, की तुम्हाला कुणी सांगितलं होतं वही द्यायला, आंधळं झालं तरी आकडे पायजेत, मेलं ते पाणी. आणि मग रडले. वहिनी आत निघून गेली.

मला वाटलं, गेलं, आता या माणसाच्या आयुष्यात माझ्यामुळं कोरं पानसुद्धा उरलं नाही.

"पिशवी नवव्या पायरीवर होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की? मोजली होतीस?"

"मोजूनच ठेवली होती."

"कवा उचलली पाण्यानं?"

"मी नव्हते, बाबा. झाडणाऱ्या बाईनं बघितलं. दहाला पाच मिनिटं कमी होती म्हणाली. तिचा मुकादम दहाला हजेरी घ्यायला येतो, म्हणून तिला ठाऊक."

"ती रोज असते तिथं?"

"सहापासून."

"पाण्याच्या टायमावर काम करते?"

"हो. तिथी मोजते."

बाबांनी मान हलवली. "मग ड्युटीवरचं माणूस झालं ते. तिनं बघितलेलं चालतं. लिही."

मला आधी कळलंच नाही. ते वही माझ्याकडं सरकवत होते. "लिही गो. बीज. नऊ पंचावन्न. नववी पायरी. तुझी पिशवी पाण्यानं उचलली म्हणजे पाणी तिथं आलं होतं ना? मग झाली की लेव्हल. बाकीचं तू आठवून सांगशील ते मला नको. हा एक आकडा खरा हाय."

मी लिहिलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिली ओळ. पेन्सिल दाबून, म्हणजे त्यांच्या बोटाला लागेल.

"वीस पायऱ्या म्हणालीस," ते म्हणाले, आणि खाटेवरून उठले. मी हात धरला. ओटीवरून ते आमच्या चार पायऱ्या उतरले, अंगणात उभे राहिले, आणि तोंड घराकडं केलं. "आपल्या चार. वीस म्हणजे कुठवर?"

मी अंदाज घेतला. दाराच्या चौकटीच्या वर, पत्र्याच्या वळचणीपाशी. त्यांचा हात धरून मी वर केला, पुरला नाही, तर म्हटलं, "याच्या वर अजून तुमच्या दोन हातांएवढा."

"एवढा? रोज?"

"दोनदा."

"आणि परत जातो?"

"जातो. आपोआप."

"कुणी सोडत नाय, कुणी अडवत नाय," ते म्हणाले. हात तसाच वर होता. त्या आंधळ्या डोळ्यांनी ते घराच्या वळचणीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या चेहऱ्यावर परवा दुपारी त्या गल्लीच्या टोकाला अनुभवलं होतं. तेव्हा कुणी मला बघितलं नव्हतं. मी त्यांना बघितलं.

मग ते ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी वही मागून घेतली. ओळीवर बोट फिरवलं. तारीख. वेळ. पातळी. पुढं बोट थांबलं. तिथं काही लागलं नाही.

"पाहणाऱ्याचं नाव?"

"विचारलं नाही," मी म्हटलं. "मी तिच्यावर ओरडले आणि निघून आले."

आता मात्र ते रागावले. वहीचं ऐकून न रागावलेला माणूस. "ती बाई तुझ्या पिशवीपायी पाण्यात उतरली आणि तू नाव विचारलं नायस?"

"मग तिथं काय लिहू? झाडणारी बाई?"

"काय नको लिहूस. कोरा ठेव रकाना." वही मिटून त्यांनी उशाखाली सरकवली आणि जरा वेळानं म्हणाले, "पुढची अमावास्या झाली की बीज येईल. तवा मला ने. तिला नाव मी विचारतो."

मी ओरडलेच. छाती दुखते, डोळे नाहीत, गाडीत चढणार कसे, आणि त्या पायऱ्या वीस आहेत, ओल्या, शेवाळलेल्या, धडधाकट बाई घसरली तिथं. तुम्ही उतरणार कसे?

"मोजत उतरीन," बाबा म्हणाले.